अ‍ॅक्सिलरेटरखालचा ठोकळा

आमच्या गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरखाली सागवानाचा एक ठोकळा दोन स्क्रूंनी आवळून बसवलेला होता. काड्यापेटीएवढा असेल, एका कोपऱ्यावर तिरका तासलेला. पेडल दाबलं की अर्ध्या वाटेत ते या ठोकळ्यावर टेकायचं आणि तिथून पुढे तसूभरही हलायचं नाही. माझ्या नवऱ्याने तो बसवून घेतला होता आणि माझ्या पायासाठी बसवून घेतला होता, कारण घरात गाडी दुसरं कुणी चालवतच नव्हतं. इतकी वर्षं झाली तरी त्या लाकडाच्या तुकड्याची आठवण निघाली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. तेव्हा या लिखाणात समतोल वगैरे सापडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी डॉक्टर. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत अमरावतीला कॅम्पात आमचं घर होतं आणि घराच्या पुढच्या दोन खोल्यांत माझा दवाखाना होता. आठवड्यातून दोन दिवस मी बडनेऱ्याला जायची, रेल्वेत काम करणाऱ्यांच्या बायका तपासायला, आणि एक दिवस चांदूर रेल्वेला. नवरा वकील. गाव त्यांना वकीलसाहेब म्हणायचं, मीही इथे तेच म्हणते, कारण या गोष्टीत ते नवरा कमी आणि वकीलच जास्त होते.

गाडी विलायती होती, छोटी, काळी, निवृत्त होऊन गेलेल्या एका साहेबाकडून घेतलेली. आधी वकीलसाहेबच चालवायला शिकले. आठव्या दिवशी त्यांनी ती आमच्याच फाटकाच्या खांबावर नेऊन घातली. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही आणि त्या खांबाबद्दल घरात बोलायची सोय राहिली नाही. मग मी शिकले. पंधरा दिवसांत लायसन काढलं. अमरावतीत तेव्हा गाडी चालवणारी बाई म्हणजे लोक सायकलवरून उतरून बघत उभे राहायचे.

आणि मला ती गाडी चालवायला आवडायची. याला काही कारण लागत नाही, पण लोक विचारतात म्हणून सांगते. दवाखान्यात मी डॉक्टरीणबाई, घरात सून, नातेवाइकांत वकिलीणबाई. गाडीत बसून दार लावलं की यातलं कुणीच नाही. बडनेरा रोडला लागलं की गियर बदलताना इंजिनाचा आवाज जो खाली उतरायचा, तो ऐकायला मला गाण्यापेक्षा गोड वाटायचा. वळण आलं की पाय आधीच उचलायचा, गाडी आपोआप मंदावते, वळणात हलकेच पुन्हा दाबायचं, आणि ती अशी सरळ बाहेर पडते की आपलंच आपल्याला हसू येतं. दिवसभरात माझ्या वाट्याला येणारी एवढी एकच मजा होती.

वकीलसाहेबांना गाडी हवी होती, पण पेट्रोल जळायला नको होतं. कंजूष म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. दवाखान्याच्या औषधांना, पुस्तकांना त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. पण आलेलं पाकीट उलटं करून पुन्हा वापरणाऱ्या माणसाला, धूर होऊन उडून जाणारी वस्तू सहन होत नसे. गाडीचा पेट्रोलचा काटा बंद होता. म्हणून त्यांनी एका काठीवर चाकूने खाचा पाडल्या होत्या. मी बाहेरून आले की ते मागे जाऊन टाकीत ती काठी बुडवायचे, उजेडात धरून ओल कुठपर्यंत आली ते बघायचे आणि माझ्याकडे बघायचे. रोग्याच्या जिभेकडेसुद्धा मी तसं कधी बघितलं नाही.

"चोवीस," ते म्हणायचे. म्हणजे गॅलनला चोवीस मैल. तेव्हा मैल आणि गॅलनच चालायचे. "एवढ्या लहान गाडीनं तीस द्याले पायजे. तू गाडी चालवून राहिली का विमान?"

एके दिवशी पुस्तकांच्या कपाटासाठी सुतार आला होता. कपाट झाल्यावर उरलेल्या सागवानातून त्यांनी त्याच्याकडून हा ठोकळा करून घेतला. पेडलची दांडी एका कोपऱ्याला अडत होती म्हणून सुताराने तो कोपरा तासला. मी आत रोगी तपासत होते. बाहेर आले तर सुतार गाडीत उलटा पडून स्क्रू आवळत होता आणि वकीलसाहेब दार धरून उभे होते.

"पाय खालीच जाणार नाही तर पेट्रोल कुठून जाईन?" ते मला म्हणाले. कोर्टात एखादा मुद्दा बिनतोड मांडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे येत असे तेच तेव्हा आलं होतं.

तळपायाची आग मस्तकाला गेली होती, पण सुतारासमोर, आणि दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या सहा बायांसमोर, मी नवऱ्याशी भांडणार नव्हते. मोठी चूक इथून सुरू झाली, पण ते मला पुढे कळलं.

ठोकळा बसल्यावर गाडीचं काय झालं ते सांगते. सपाट रस्त्यावर ती कशीबशी जायची. पण चांदूरच्या रस्त्यावर जरा चढ लागला की जीव जायचा. वरच्या गियरमध्ये ओढ नाही, पाय तर खाली जात नाही, मग खालचा गियर टाकायचा आणि इंजिन बोंबलत ठेवून चढाव संपवायचा. कापसाच्या हंगामात पुढे बैलगाड्यांची रांग असायची. ती ओलांडायला जो जोर लागतो तो अंगात नाही, म्हणून मैलमैल त्यांच्या मागे धूळ खात जायचं. चांदूरला पोचेपर्यंत माझ्या केसांचा रंग बदललेला असायचा. एकदा भाजीच्या पाट्या घेऊन निघालेल्या माळणी चढावर माझ्या बरोबरीने चालत होत्या. त्यातली एक खिडकीत वाकून म्हणाली, "बाई, धक्का देऊ का वो?" तिने प्रेमाने विचारलं होतं. मी घरी येऊन जेवले नाही.

पंधरा दिवसांनी काठी बुडली. एकवीस. तीन मैल घटले.

कुणालाही वाटेल, आता तरी हा माणूस ठोकळ्याकडे संशयाने बघेल. छे. ते काठी पुसत म्हणाले, "इतकं करूनही घटलं, म्हंजे दोष चालवणाराचा हाये. एक तारखेपासून ड्रायव्हर ठेवू. तू मागं बसत जाय. तोवर गाडीनं तीस देल्ले तर ठीक, मी एक शब्द बोलणार नाही."

हे सगळं अगदी शांतपणे. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. ते पान खाऊन कोर्टात गेले आणि मी तीन आठवड्यांच्या मुदतीवर उभी राहिले. स्टिअरिंग राहतं की जातं, एवढाच प्रश्न होता. लोकांना तो किरकोळ वाटेल. ज्यांच्या हातातून ते कधी कुणी काढून घेणार नसतं, त्यांना तो नक्कीच किरकोळ वाटेल.

दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन इतवाऱ्यातल्या मिस्त्रीकडे गेले. म्हातारा माणूस, दाढी पांढरी, बोटं काळी, बोलणं वऱ्हाडी आणि हिंदीची खिचडी. त्याच्या सुनेचं बाळंतपण मी केलं होतं, म्हणून माझ्याशी जरा मायेने वागायचा. त्याने इंजिन चालू केलं, कान देऊन ऐकलं, बॉनेट उघडून बराच वेळ आत डोकं घातलं आणि मग मला बोलावलं.

"बाई, हे पाहा. चोक आत ढकलला तरी इथली झडप उघडून नाई राहिली. तार वाकडी हाये. म्हंजे गाडीले हवाच नाई भेटत, नुसतं पेट्रोल भेटते. दम्याच्या रोग्याच्या नाकात बोळा कोंबल्यावानी झालं."

मग त्याने मागच्या चाकांना हात लावायला सांगितला. डावं चाक चांगलंच गरम होतं. ब्रेकचा पट्टा सुटतच नव्हता. मी कोण जाणे किती महिने अर्धा ब्रेक लावूनच गाडी चालवत होते. चारी टायरांत हवा कमी, कारण वकीलसाहेबांना मागे बसल्यावर धक्के नको असायचे. टपावर लोखंडी कॅरिअर, त्यावर त्यांच्या जुन्या कज्ज्यांच्या कागदांची पेटी. ती पेटी का फिरत होती हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

दोन दिवस लागले. तार बदलली, पट्टा घासून मोकळा केला, प्लग साफ केले, हवा भरली, कॅरिअर उतरवला. घरी मी यातलं काही सांगितलं नाही, आणि काठीपलीकडे गाडीकडे बघायची वकीलसाहेबांना सवय नव्हती. सपाट जागेवर त्याने एका हाताने गाडी ढकलून दाखवली. आधी तिला दोघांनी ढकलावं लागायचं.

"आता पायाचं सांगतो," मिस्त्री म्हणाला. "भेत भेत पाय देल्ला का पेट्रोल जास्त जाते. निघतानी नीट दाबा, लवकर वरच्या गियरमधी जा, अन् मंग पाय तिथंच ठेवा. चाळीसवर चालू द्या आरामात. अन् दूर पाहा. फाटक बंद दिसलं का दुरूनच पाय उचला. ब्रेक मारला म्हंजे जे जाळलं थे फेकून देल्लं."

मला हसू आलं. मला जशी गाडी चालवायला आवडत होती, नेमकी तशीच तो चालवायला सांगत होता. वळणाआधी पाय उचलणं, ब्रेकला न शिवता बाहेर पडणं, वरच्या गियरमध्ये तिला सुखाने चालू देणं. गोडी आणि काटकसर यांचं भांडण होतं कुठे? ते घरातल्या काठीने लावून दिलेलं होतं.

"अन् हा?" मी पेडलखाली बोट दाखवलं.

त्याने वाकून बघितलं. "हा कोन बसवला?"

मी सांगितलं.

"याच्यानं तर तुमी वरच्या गियरमधी जाऊच नाई शकत. याच्यानंच खाते ती. मी येऊन सांगू का वकीलसाहेबाले?"

मी नको म्हटलं. माझा पाय किती खाली जावा, याचा निकाल दोन पुरुषांनी माझ्या ओट्यावर उभं राहून लावावा, हे मला चालणार नव्हतं. अभिमान होता तो. तेव्हा मला तो फार मोलाचा वाटला.

परीक्षेचा दिवस वकीलसाहेबांनीच ठरवला. अकोल्याच्या दवाखान्यात आम्हा डॉक्टरांची बैठक होती. जाऊन येऊन सव्वाशे मैलांच्या आतबाहेर, म्हणजे हिशेब चोख निघेल. सकाळी पंपावर त्यांनी टाकी काठोकाठ भरून घेतली, झाकण लावलं, त्याभोवती दोरा गुंडाळला आणि त्यावर लाख वितळवून आपल्या कचेरीचा शिक्का मारला. खरंच मारला. पंपावरचा माणूस तोंडाला रुमाल लावून हसत होता. लग्नाच्या बायकोवर इतका विश्वास ठेवणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

टाकीवर शिक्का होता, ठोकळ्यावर नव्हता. आपण बसवलेल्या गोष्टीला कुणी हात लावील हे त्यांच्या मनातच आलं नाही.

बडनेरा मागे पडल्यावर मी एका लिंबाखाली गाडी थांबवली, मिस्त्रीकडून आणलेला पेचकस बॅगेतून काढला आणि नेसत्या साडीनिशी गाडीत उलटी पडून दोन्ही स्क्रू काढले. ठोकळा औषधांच्या बॅगेत टाकला.

त्यानंतरचे पन्नास-पंचावन्न मैल मी कधी विसरणार नाही. पाय नीट दाबला, पहिला, दुसरा, तिसरा, आणि गाडी वरच्या गियरमध्ये अशी लागली की जणू ती इतके दिवस माझ्यासारखीच तोंड दाबून बसली होती. काटा चाळिसावर. बैलगाडी दिसली की दुरूनच पाय उचलायचा, समोरचा रस्ता मोकळा आहे ना बघायचं, एकदाच दाबून पुढे काढायची, पुन्हा पाय जागेवर. मूर्तिजापूरच्या अलीकडे फाटक बंद होतं. मी अर्ध्या फर्लांगावरून सोडून दिली आणि फाटकापाशी पोचेपर्यंत फाटकवाल्याला ते उघडायची बुद्धी झाली. ब्रेक लागलाच नाही. मी मोठ्याने गात होते. गळा माझा बरा नाही, पण ऐकायला कुणी नव्हतं.

येताना त्याच लिंबाखाली थांबले. ठोकळा परत बसवायला गेले तर एक स्क्रू हातातून निसटून धुळीत पडला. गुडघ्यांवर बसून शोधला, सापडला नाही. एकाच स्क्रूवर ठोकळा आवळला. वरून बघणाऱ्याला कळलं नसतं, आणि वरून तरी कोण बघणार होतं.

पंपावर वकीलसाहेब वाट बघत उभे होते. त्यांनी शिक्का तपासला, दोरा कापला, टाकी पुन्हा काठोकाठ भरवली. डोक्यातल्या डोक्यात भागाकार केला. पुन्हा केला. गॅलनला बत्तीस मैल, थोडे वरच.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी म्हणेल. निदान "चांगली चालवतं तू" एवढं तरी म्हणेल. ते पुढचं दार उघडून वाकले, पेडलखाली हात घातला आणि ठोकळ्यावर दोनदा थोपटलं.

"पाह्यलं? सांगितलं होतं ना मी?"

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. सगळं वाक्य जुळवून तयार होतं. पण सांगितलं की लपवाछपवी उघड, शिक्का मारून घेतलेली परीक्षा रद्द, आणि एक तारखेला ड्रायव्हर दारात. स्टिअरिंग माझ्याकडे राहिलं होतं. मी मूग गिळले आणि घरी गाडी चालवत नेली.

ड्रायव्हर आला नाही. त्यांनी शब्द पाळला आणि माझ्या चालवण्याबद्दल पुन्हा बोलले नाहीत. एकाच स्क्रूवर बसलेला ठोकळा पायाच्या अंगठ्याने ढकलला की बाजूला फिरायचा. कोर्टाच्या कोपऱ्यावरून वळले की मी तो फिरवायची आणि परत येताना त्याच कोपऱ्यावर जागेवर आणायची. चार वर्षं मी असं केलं. आपल्याच गाडीत, आपल्याच पायाने, चोरासारखं. ते रोज काठी बुडवायचे, बत्तीस आलं की खूश व्हायचे. एक स्क्रू गायब आहे हे त्यांना कधी दिसलं नाही, कारण बरोबर ठरलेल्या गोष्टीकडे ते पुन्हा बघत नसत.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर मी हा राग गिळून टाकला असता. पण रविवारी आमच्याकडे वकिलांची बैठक बसायची. तिथे ठोकळ्याची कथा झाली. मी चहा घेऊन गेले की ते म्हणायचे, "इचारा हिले, एकविसाची बत्तीस झाली का नाही?" आणि मी "झाली" म्हणायची. खोटं तर बोलत नव्हते. मग एका वकिलाने सुतार बोलावला. मग दुसऱ्याने. एका सरकारी साहेबाने बसवून घेतला. आमचा तो सुतार कपाटं सोडून ठोकळेच करायला लागला. संध्याकाळी बडनेरा रोडवर बघावं तर गावातल्या निम्म्या गाड्या खालच्या गियरमध्ये बोंबलत, धूर सोडत, सायकलवाल्यांच्या मागून चाललेल्या. कुणालाही बत्तीस मिळत नव्हते. पण मिळत नाहीत असं म्हणायला कुणी तयार नव्हतं, कारण मग आपणच चालवायला कच्चे ठरलो असतो.

मिस्त्री माझ्यावर चिडला. चोक त्याने दुरुस्त केला होता, चाक त्याने मोकळं केलं होतं आणि गावभर नाव झालं होतं लाकडाच्या तुकड्याचं. गाड्या दुरुस्तीला आणायच्या सोडून लोक सुताराकडे जात होते.

"बाई, तुमी बोलल्या काहून नाई?" त्याने एकदाच विचारलं. त्यानंतर त्याने माझं काम कधी टाळलं नाही, पण चहा विचारणं बंद केलं.

चौथ्या वर्षी अकोल्याला गेले असताना तिथल्या दवाखान्यात नव्यानेच लागलेली एक डॉक्टर मुलगी भेटली. हुशार, हाताला गुण असलेली. तिने माझी गाडी बघितली आणि ओशाळून म्हणाली, "तुमी सोता चालवता? माझ्याकडंही हाये गाडी. दोन वर्षं चालवली, पण मले जमतच नाही. चढ आला का माझा पायच चालत नाही. आता सोमवारपासून आमी ड्रायव्हर ठेवून राहिलो."

"चल, दाखव," मी म्हटलं.

दवाखान्याच्या आवारात तिची गाडी उभी होती, आमच्याहून मोठी, वेगळ्याच घडणीची. मी दार उघडून खाली वाकले. सागवानी ठोकळा, दोन स्क्रू, आणि एक कोपरा तिरका तासलेला. तिच्या गाडीत पेडलची दांडी त्या बाजूला येतच नव्हती. तो कोपरा तासायचं तिथे काही कारणच नव्हतं. आमच्या ठोकळ्याची नक्कल करताना सुताराने आमची अडचणसुद्धा जशीच्या तशी उतरवली होती.

"हा कुठून आला?"

"यांनी आणला. अमरावतीचे एक वकील हायेत म्हणे, त्यांनी शोधून काढलं. त्यांची गाडी बत्तीस देते."

पेचकस माझ्या बॅगेत असायचाच. मी तिथेच उलटी पडून ठोकळा काढला आणि तिला म्हटलं, बस आणि चालव. मूर्तिजापूर रोडला लागल्यावर तिने भीत भीत पाय दाबला. गाडीने झटकन वेग घेतला. तिने पाय काढून घेतला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा दाबला. पुढे एक चढ होता. वरच्या गियरमध्येच तिने तो पार केला. मला वाटलं आता ती हसेल. तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"तुमाले कसं माहीत होतं, का याच्यानंच होते म्हणून?"

मी सांगितलं. लिंबाचं झाड, पेचकस, शिक्का, सगळं.

"किती वर्षं झाले?"

"चार."

"दोन वर्षं मी सोताच्या पायाले शिव्या देल्ल्या," ती म्हणाली. "अन् तुमाले माहीत होतं." एवढंच. मग ती गाडी फिरवून परत घेऊन आली. चांगली चालवत होती. उतरताना तिने किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली, पण मला निरोपाचं काही बोलली नाही.

परत येताना मी ठोकळ्याला हात लावला नाही. कोर्टाच्या कोपऱ्यावरून तशीच आत आले, फाटकाच्या त्या खांबाजवळ गाडी उभी केली, ठोकळा काढला आणि आत जाऊन वकीलसाहेबांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांच्या मधोमध ठेवला.

"तुमी टाकीवर शिक्का मारला त्या दिवशी हा गाडीत नव्हता," मी म्हटलं. "माझ्या बॅगेत होता."

त्यांनी चष्मा काढला. मी मोठं भांडण होईल म्हणून तयार होते. चार वर्षांचं सगळं साठवून आणलं होतं. ते म्हणाले, "मंग बत्तीस कशानं गेली?" मी चोकची तार सांगितली, गरम चाक सांगितलं, हवा, कॅरिअर, पाय कुठे ठेवायचा आणि कधी उचलायचा तेही सांगितलं. त्यांनी मध्ये अडवलं नाही. दोन प्रश्न विचारले, दोन्ही शहाण्यासारखे. एखाद्या जाणकार साक्षीदाराचं ऐकावं तसं त्यांनी माझं ऐकलं, आणि त्याने माझा राग आणखी चढला.

मग ठोकळा हातात फिरवत ते म्हणाले, "हे मले तवाच सांगितलं असतं तर मी काय तुले फासावर देल्लं असतं?"

तुम्ही ऐकलंच नसतं, हे उत्तर माझ्या जिभेवर होतं. चार वर्षं रोज कोर्टाच्या कोपऱ्यावर अंगठ्याने ठोकळा फिरवताना मी तेच उत्तर घोकत आले होते. पण ते देता येईना, कारण मी त्यांना सांगून बघितलंच नव्हतं. मिस्त्री सांगायला निघाला होता, त्यालाही मीच अडवलं होतं. ते ऐकले असते की नसते, हे आता कुणीच सांगू शकत नाही. त्या पोरीची दोन वर्षं मात्र गेली. काठीचा राग, शिक्क्याचा राग, ठोकळ्याचा राग, हे सगळे मी नवऱ्याच्या नावावर ठेवू शकते. हा एक ठेवता येत नाही, आणि सगळ्यांत जास्त येतो तो हाच.